मौन आणि चुकीचे उत्तर : घड्याळ-चिपच्या दोषशोधनाचा एक पाठ

निवासी शाळेचा दिवस घंटेवर उभा असतो. पहाटेचे उठणे, वंदना, न्याहारी, वर्ग, खेळ, रात्रीचा अभ्यास आणि दिवे मालवणे, या साऱ्यांची वेळ घंटा सांगते. ती दहा मिनिटे मागे पडली तर भोजनगृहातील रांगेपासून परीक्षेच्या पेपरापर्यंत सगळे बिघडते. आता अनेक शाळांतून ही घंटा विद्यार्थ्यांनीच बांधलेल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर वाजते. आपल्याही शाळेत नववीच्या मुलांनी असे यंत्र बांधले आहे. त्यात मुख्य घटक दोन : आज्ञा देणारा मायक्रोकंट्रोलर आणि वेळ सांगणारी घड्याळ-चिप, म्हणजेच आरटीसी. या दोघांतील संभाषण तुटले तर दोष कसा शोधावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

इतिहासाच्या शिक्षकाने हा विषय हाती घ्यावा, यास कारण आहे. साधनांची पारख हा इतिहासाच्या अभ्यासाचा पाया होय. एखादे साधन काहीच सांगत नाही, ही एक गोष्ट. ते चुकीचे सांगते, ही अगदी वेगळी गोष्ट. चुकीच्या नोंदीतही ती चूक कोठे शिरली याची खूण शिल्लक असते. घड्याळ-चिपच्या बाबतीत हे तत्त्व अक्षरशः लागू पडते. म्हणून पहिला नियम असा की, चिप बदलण्यापूर्वी तिने दिलेले उत्तर नीट वाचावे.

वेगळे घड्याळ कशासाठी?

मायक्रोकंट्रोलर स्वतःही क्षण मोजू शकतो. मात्र वीज गेली की त्याची मोजणी पुसली जाते, आणि परत आल्यावर तो शून्यापासून आरंभ करतो. आपल्याकडे भारनियमन नवे नाही. म्हणून वेळ राखण्याचे काम स्वतंत्र चिपकडे दिले जाते. तिच्या शेजारी बटणाएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. मुख्य वीज गेली की चिप त्या सेलवर चालू राहते. शालेय प्रकल्पांत सर्वाधिक आढळणारी डीएस १३०७ ही चिप त्या अवस्थेत इतका अल्प प्रवाह घेते की, ४८ मिलिअँपिअर-तास क्षमतेचा सेल तिला दहा वर्षांहून अधिक काळ पुरू शकतो.

चिपला लागून क्वार्ट्झचा एक लहान स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. दोनाला दोनाने गुणत पंधराव्या घातापर्यंत गेले की ३२,७६८ येतात. म्हणजे या कंपनांची पंधरा वेळा निम्मी विभागणी केली की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिपला खरी वेळ ठाऊक नसते. तिला जी वेळ सांगितली जाते, तिथून पुढे ती मोजते. वेळ ही मुळात माणसांनी केलेली व्यवस्था आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये अमलात आली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती आणि शहरात ती पुढेही बरीच वर्षे पाळली गेली. म्हणजे एकाच क्षणी दोन घड्याळे वेगळी वेळ दाखवत आणि दोन्ही आपापल्या हिशेबाने बरोबर असत. तेव्हा घड्याळ चुकले असे म्हणण्याआधी, त्याला वेळ कोणी, केव्हा आणि कोणत्या हिशेबाने सांगितली, हे विचारले पाहिजे.

दोन तारांची भाषा

मायक्रोकंट्रोलर आणि चिप यांचे संभाषण दोन तारांवर चालते. ही पद्धत फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये विकसित केली. तिला आय-टू-सी म्हणतात. एका तारेवरून माहिती जाते, ती एसडीए. दुसरीवरून त्या माहितीचा ताल जातो, ती एससीएल. आर्डुइनो उनो या पाटीवर एसडीए हा ए४ पायावर आणि एससीएल हा ए५ पायावर असतो. पाटी बदलली की पाय बदलतात. आर्डुइनो मेगावर ते अनुक्रमे २० व २१ आहेत. दोन तारांची अदलाबदल ही मुलांच्या जोडणीतील अतिशय सामान्य चूक आहे.

या तारांचा एक विशेष आहे. कोणताही घटक तार फक्त खाली, म्हणजे शून्याकडे ओढू शकतो; वर ढकलू शकत नाही. तार वर ठेवण्याचे काम वीजपुरवठ्याला जोडलेले दोन रेझिस्टर करतात. ते साधारणपणे ४.७ किलोओहमचे असतात. तयार मॉड्यूलवर ते बहुधा आधीच बसवलेले असतात. सुटी चिप वापरली तर ते आपण जोडावे लागतात. त्यांच्याविना तारा अधांतरी राहतात आणि संभाषण होत नाही, किंवा कधी होते आणि कधी होत नाही.

संभाषणाची रीत वर्गातल्या हजेरीसारखी आहे. मायक्रोकंट्रोलर प्रथम पत्ता पुकारतो. डीएस १३०७ चा पत्ता सोळाच्या पायातील मांडणीत ६८ आहे. तो पत्ता ज्याचा, तो घटक एसडीए तार क्षणभर खाली ओढून होकार देतो. त्यानंतर माहितीची देवाणघेवाण होते. होकारच आला नाही, तर ते मौन. होकार आला पण आकडे भलतेच आले, तर ते चुकीचे उत्तर. या दोहोंच्या वाटा वेगळ्या आहेत.

चुकीच्या उत्तरांचे वाचन

चिप आपले आकडे बीसीडी पद्धतीने ठेवते. आठ अंशांच्या कप्प्यातील पहिल्या चारांत दशक आणि पुढच्या चारांत एकक असते. २५ मिनिटे झाली असतील तर कप्प्यात ००१० ०१०१ असे लिहिलेले असते. हे समजले की पुढील खुणा आपोआप उलगडतात.

पडद्यावर २५ ऐवजी ३७, किंवा ५९ ऐवजी ८९ दिसले, तर चिप बरोबर आहे, तारा बरोबर आहेत, सेलही बरोबर आहे. ००१० ०१०१ ही मांडणी साधी द्विमान संख्या म्हणून वाचली की ३७ होते. दोष प्रोग्राममध्ये आहे. दशक-एकक वेगळे करण्याची पायरी राहिली आहे.

पडद्यावर १६५ दिसले आणि वर्ष २१६५ आले, तर चिप बोललेलीच नाही. कोणीही तार खाली ओढली नाही, म्हणून सगळे अंश एक वाचले गेले : पंधरा दशक आणि पंधरा एकक, म्हणजे १५० अधिक १५. १६५ हा आकडा दिसत असला तरी तो मौनाचाच आकडा आहे. होकार न तपासता वाचणाऱ्या प्रोग्रामने शांततेलाच उत्तर मानले, एवढाच त्याचा अर्थ.

रात्री आठ वाजता तास ६८ आणि सकाळी आठ वाजता ४८ दिसला, तर चिप बारा तासांच्या पद्धतीवर लावलेली आहे. तासाच्या कप्प्यातील एक अंश ही पद्धत सांगतो आणि दुसरा पूर्वाह्न की अपराह्न हे सांगतो. ते अंश बाजूला न काढता वाचले की दशकाच्या जागी अनुक्रमे ६ आणि ४ दिसतात.

वेळ दिसते, परंतु सेकंद पुढे सरकत नाहीत, असेही घडते. सेकंदाच्या कप्प्यातील सर्वांत वरचा अंश म्हणजे घड्याळ थांबवण्याची खिट्टी. ती लावलेली असेल तर स्फटिक कंप पावत नाही. नव्या चिपमध्ये प्रथम वीज देतेवेळी ही खिट्टी लावलेलीच असते. एकदा योग्य वेळ लिहिली आणि तो अंश शून्य केला की घड्याळ चालू लागते. तरीही ते हलले नाही, तर स्फटिकाचा डाग तपासावा.

वीज जाऊन आली की घड्याळ प्रत्येक वेळी त्याच एका जुन्या क्षणाकडे परत जाते, ही तक्रार मुले फार करतात आणि सेलला दोष देतात. तो क्षण कोणता, हे पाहावे. प्रोग्राम संगणकावर तयार केला तीच ती वेळ असेल, तर सेल निर्दोष आहे. आरंभाच्या भागात वेळ लावण्याची ओळ राहून गेली आहे, आणि दर वेळी मायक्रोकंट्रोलर चिपच्या बरोबर वेळेवर जुनी वेळ लिहीत आहे. वेळ एकदा लावून झाली की ती ओळ काढून प्रोग्राम पुन्हा भरावा. याउलट घड्याळ दर वेळी २००० सालच्या १ जानेवारीच्या मध्यरात्री परतत असेल, तर मात्र सेल खरोखर तपासावा.

घड्याळ चालते, पण महिन्याला मिनिटभर सरकते, हा तर बिघाडच नव्हे. स्फटिकात दहा लाखांत वीस भागांचा फरक असला, तरी दिवसाला सुमारे १.७ सेकंद आणि महिन्याला सुमारे ५२ सेकंद पडतात. याहून नेमकेपणा हवा असेल तर डीएस ३२३१ ही चिप घ्यावी. ती तापमान मोजून स्वतःला सावरते. ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये तिचा फरक दहा लाखांत दोन भागांच्या आत, म्हणजे वर्षाला फार तर ६३ सेकंद असतो.

मौनाची तपासणी

चिप काहीच बोलत नसेल, तर तपास बाहेरून आत न्यावा. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारावा आणि एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर कशामुळे चालू झाले हे कळत नाही; मग तोच दोष पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने शोधावा लागतो.

१) मल्टिमीटरने वीज मोजावी, आणि ती चिपच्या पायांवरच मोजावी. ब्रेडबोर्डच्या कडेला ५ व्होल्ट असून चिपच्या पायाशी काहीच नाही, असे सैल जोडणीमुळे वारंवार घडते.

२) दोन्ही घटकांची ऋण तार एकमेकींना जोडलेली आहे ना, हे पाहावे. वेगवेगळ्या अडॅप्टरवर चालणाऱ्या दोन पाट्यांना समान शून्य नसेल, तर त्यांचे बोलणे एकमेकींना कळत नाही.

३) संभाषण थांबलेले असताना एसडीए व एससीएल यांवरील दाब मोजावा. दोन्हींवर पुरवठ्याइतका दाब मिळाला पाहिजे. शून्य मिळाला तर रेझिस्टर नाहीत, किंवा कोणीतरी तार खाली धरून ठेवली आहे.

४) पत्ते शोधणारा छोटा प्रोग्राम चालवावा. तो सर्व पत्ते क्रमाने पुकारतो आणि होकार देणाऱ्यांची यादी देतो. डीएस १३०७ च्या अनेक मॉड्यूलवर एक स्मृती-चिपही असते. तिचा पत्ता बहुधा ५० असतो. दोन्ही पत्ते मिळाले तर जोडणी ठीक आहे. एकही मिळाला नाही तर तारा, पाय आणि वीज पुन्हा तपासावी. केवळ ५० मिळाला तर तारांची शंका सोडून द्यावी, कारण त्याच तारांवरून शेजारीण उत्तर देत आहे.

५) तारा आखूड ठेवाव्यात. ही भाषा एकाच पाटीवरच्या घटकांसाठी घडवलेली आहे. घंटा वसतिगृहात आणि यंत्र कार्यालयात असेल, तर चिप मायक्रोकंट्रोलरजवळच ठेवून घंटेची तार लांब न्यावी.

६) बिघाड नेमका घंटा वाजतानाच होत असेल, तर संशय रिलेवर घ्यावा. रिलेचे वेटोळे बंद होताना उलट दाबाचा झटका निर्माण होतो. वेटोळ्याच्या दोन टोकांवर योग्य दिशेने डायोड बसवला की तो शमतो. २३० व्होल्टची बाजू मात्र मुलांच्या हाती देऊ नये. ते काम जाणकार मोठ्या माणसाचे आहे.

७) संभाषण अर्ध्यावर असताना मायक्रोकंट्रोलरचे रिसेट बटण दाबले गेले, तर चिप आपले वाक्य पूर्ण करण्याच्या प्रतीक्षेत एसडीए खाली धरून राहू शकते. मायक्रोकंट्रोलर सर्व विसरलेला असतो आणि चिप त्याच्या तालाची वाट पाहत असते. एससीएलवर नऊ ठोके देऊन शेवटी थांबण्याची खूण केली की ती तार सोडते.

नवा सेल घातला आणि घड्याळ गप्प झाले

वरील रीतीचे मोल आपल्या घंटेनेच दाखवले. मुलांनी उनो पाटी काढून तिच्या जागी वायफाय असलेली ३.३ व्होल्टची पाटी बसवली आणि जुन्या डीएस १३०७ मॉड्यूललाही ३.३ व्होल्टच दिले. यंत्र कित्येक आठवडे सुरळीत चालले. पुढे सेलचा दाब २.५ व्होल्टवर आल्याचे आढळल्याने नवा सेल घालण्यात आला, आणि त्याच क्षणी पडद्यावर १६५ उमटले. नवा सेल खराब निघाला, असे एक मत पडले. सेल घालताना चिप जळली, असे दुसरे. नवे मॉड्यूल मागवण्याची यादीही तयार झाली.

एका विद्यार्थिनीने यादी थांबवून पत्तेशोधक प्रोग्राम चालवला. ५० उत्तर देत होता, ६८ देत नव्हता. म्हणजे तारा निर्दोष. तिने नवा सेल मोजला : ३.१ व्होल्ट, उत्तम. मग तिने जुना, थकलेला सेल पुन्हा घातला, आणि चिप बोलू लागली. म्हणजे चिपही जळलेली नव्हती. चांगल्या सेलवर मौन आणि थकलेल्या सेलवर बोलणे, हे कोडे चिपच्या माहितीपत्रकाने सोडवले.

डीएस १३०७ मुख्य विजेची तुलना सेलशी करते. मुख्य दाब सेलच्या दाबाच्या साधारण सव्वापटीखाली गेला की वीज जात आहे असे ती मानते, आणि वेळेची नोंद बिघडू नये म्हणून संभाषण बंद करते. सेल २.५ व्होल्टचा असताना सव्वापट होते ३.१ च्या आसपास, ३.३ त्याहून अधिक, म्हणून चिप बोलत होती. सेल ३.१ चा झाला तेव्हा सव्वापट झाली जवळजवळ ३.९. आता ३.३ व्होल्ट अपुरे ठरले आणि तिने दार लावून घेतले. माहितीपत्रकानुसार या चिपला किमान ४.५ व्होल्ट हवेत. ती मधले आठवडे बोलली, तेच नियमाबाहेरचे होते.

उपाय सोपा होता. चिपला ५ व्होल्ट दिले, आणि ३.३ व्होल्टच्या पाटीला इजा होऊ नये म्हणून दोन तारांच्या मध्ये दाबाची पातळी बदलणारी एक छोटी पट्टी बसवली. नव्याने यंत्र बांधणाऱ्यांनी ३.३ व्होल्टच्या पाटीसोबत डीएस ३२३१ घ्यावी, ती २.३ ते ५.५ व्होल्टवर चालते आणि तिचा पत्ताही ६८ च आहे.

सेलविषयी दोन सूचना पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनीही ध्यानात ठेवाव्यात. डीएस ३२३१ च्या काही स्वस्त मॉड्यूलवर सेल भारित करणारी जोडणी असते. सीआर २०३२ हा सेल पुन्हा भारित करण्यासाठी नसतो. त्यास प्रवाह दिल्यास तो फुगू वा गळू शकतो. असा सेल वापरायचा तर ती जोडणी आधी तोडावी. दुसरे असे की, बटण-सेल लहान मुलाने गिळल्यास अन्ननलिकेला थोड्याच वेळात गंभीर भाजल्यासारखी इजा होते. काढलेला सेल टेबलावर सोडू नये, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

दोष ठरवण्याचा अधिकार

मौन पाळणारा निकामी असतो, हा निष्कर्ष काढायला श्रम पडत नाहीत. ग्रामीण शाळांच्या कपाटांत निकामी म्हणून टाकलेली मॉड्यूल्स पडलेली असतात. तपासली तर त्यांतील काही नुसती उलट जोडलेली, काही कमी दाबावर ठेवलेली आणि काही खिट्टी न काढलेली निघतात. एका मॉड्यूलची किंमत फार नसेल. पण दुसरे मॉड्यूल घेण्यास पैसे नाहीत म्हणून जे मूल प्रकल्प सोडून देते, त्याचे नुकसान मोठे आहे. आपल्याला हे जमणार नाही, असे ते पुढे कितीतरी दिवस समजत राहते. वर्गात गप्प बसलेल्या मुलाविषयी शिक्षकाने जी घाई करू नये, तीच घाई त्या मुलाला चिपविषयीही करू न देणे, हे शिकवण्याचेच काम आहे.

म्हणून घंटेच्या पेटीशेजारी आता एक वही बांधलेली असते. तीत चार रकाने आहेत : दिनांक, काय दिसले, काय मोजले, कोणती एक गोष्ट बदलली. ‘चिप खराब’ असे तीत लिहिता येते. मात्र त्याआधीचे तीन रकाने भरलेले असावे लागतात.